वादळाचे शब्द मुलांनी शिकायचे कशाला?

रायगडचा मास्तर: काल इथे एका पालकाने लिहिलं, "चक्रीवादळ, अतिवृष्टी, मतलई वारे असले शब्द मुलांकडून घोकून घेणं बंद करा. मोबाईलवर अलर्टचा रंग दिसतो, तेवढं पुरे." राहवत नाही म्हणून लिहितोय. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. त्या दुपारनंतर श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात रेंज कोणाला होती? वीज गेली ती कित्येक दिवस. रंग कुठे बघणार होतात? आमच्या वाडीत वारा अचानक पडला. "गेलं वादळ" म्हणत लोक उडालेले पत्रे गोळा करायला बाहेर पडले आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने वारा सुटला. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आहे हे एकालाही कळलं नाही. शेजारच्या काकांच्या पायावर माड पडला, आजही लंगडतात.

पुण्याचा बाबा: तो पालक मीच. माझ्या मुलीने खारे वारे-मतलई वारे फरक परीक्षेत बिनचूक लिहिला, पूर्ण मार्क मिळाले. रेड अलर्ट म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "सुट्टी." ऑरेंज म्हणजे सज्ज राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा, हे कोणी शिकवलं तिला? घोकंपट्टीने काकांचा पाय वाचला असता का, मास्तर?

हर्णैची लेक: आमच्याकडे धडा कोणी वाचला नव्हता. एक नंबरचा बावटा म्हणजे वादळ लांब समुद्रात, तीन नंबर म्हणजे वारा बंदरावरच येणार, हे पोरंसोरंही सांगायची. पण २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा होड्या बाहेर होत्या. बंदरावरचा बावटा खोल समुद्रातून दिसत नाही. माझा मामा परत आला नाही. शब्द आधी होडीपर्यंत पोचवा, मग वाद घाला.

कुर्ल्याचा रहिवासी: आम्ही २६ जुलैची ढगफुटी अंगावर घेतली, तेव्हाही कोणी काही सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यातही ढगफुटीच झाली.

पर्जन्यमापक: मागच्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला. ढगफुटी नाही. तासाभरात १०० मिमी किंवा जास्त पडला तर ढगफुटी म्हणतात. वाहिन्या दर जूनमध्ये हाच शब्द ओरडतात, मग खरी येईल तेव्हा जागचं कोण हलणार?

कुर्ल्याचा रहिवासी: गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाला मिलिमीटर शिकवता? सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता एका दिवसात!

पर्जन्यमापक: आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक, म्हणून तर मोजमाप हवं. २६ जुलैला खुशाल ढगफुटी म्हणा, तिथे माझी हरकत नाही. मागच्या आठवड्याला म्हणू नका.

सोयाबीनवाला: मिलिमीटर काय असतो ते आम्हाला विचारा. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, तर पंचनामा. पाऊस मोजायचं यंत्र, पर्जन्यमापक, आठ-दहा कोसांवर. तिथे ५८ भरला, माझ्या शिवारात गुडघाभर पाणी. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणाला, "नियमात बसत नाही." पीक सडलं, हातात छदाम नाही. २०२३ मध्ये सरकारने 'सततचा पाऊस' आपत्तीत धरला, तोही कित्येकांचं वाटोळं झाल्यावर.

पुण्याचा बाबा: दादा, वाईट वाटलं, पण विषय शाळेचा चाललाय.

सोयाबीनवाला: शाळेचाच बोलतोय! माझा पोरगा आठवीत आहे. अतिवृष्टी म्हणजे "खूप पाऊस" असं त्याच्या वहीत लिहिलंय आणि मास्तरांनी बरोबरची खूण केलीय. ६५ चा आकडा त्याला तेव्हाच माहीत असता तर मला कचेरीत चार माणसांत गप्प बसावं लागलं नसतं.

विदर्भातली ताई: सगळे समुद्र आणि ढगफुटीवरच अडलेत. आमच्याकडे माणसं विजेने मरतात, धुऱ्यावरच्या झाडाखाली उभी राहून. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप निघालं, पण निंदणाऱ्या बायांकडे कुठला स्मार्टफोन? गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, झाड सोडून पक्क्या घरात जायचं, एवढं पोरांनी घरी येऊन सांगितलं तरी जीव वाचतील.

रायगडचा मास्तर: "खूप पाऊस"ला बरोबर देणारे शिक्षक आहेत, हे नाकारत नाही. त्यांची बाजू घेणार नाही. पण म्हणून शब्दच काढून टाकायचा?

पुण्याचा बाबा: काढू नका. घोकून घेणं थांबवा, एवढंच म्हणतोय. आकडा आणि काय करायचं हे सोबत शिकवणार असाल तर मतलई वारेसुद्धा राहू द्या, माझी ना नाही.

सोयाबीनवाला: आणि ते पाऊस मोजायचं यंत्र गावात कधी येणार, ते कोण सांगणार?