पाइनच्या पानांचा चहा नाशिकमध्ये कशाला?

कॉलेजरोडकर
आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर काल पोस्ट आली: 'पाइनच्या पानांत संत्र्याच्या पाचपट व्हिटॅमिन सी, साल म्हणजे अँटिऑक्सिडंटचा खजिना. लोक वाया घालवतात, तुम्ही काढा करून प्या.' लगेच एकीने शेजारच्या बंगल्यातल्या 'ख्रिसमस ट्री'चा फोटो टाकून विचारलं, हा चालेल का? तो अरौकेरिया, पाइन नव्हेच. द्राक्षबागांच्या कडेचा सुरू तर सूचिपर्णीसुद्धा नाही, नुसता तसा दिसतो. हिमालयातला थुनेर सूचिपर्णी आहे, पण त्याच्या पानांतलं टॅक्सिन नावाचं विष थेट हृदयावर जातं. अमेरिकेत पाँडेरोसा पाइनची पानं खाऊन गाभण गाई गाभडतात. आणि अँटिऑक्सिडंटचे ते आकडे परीक्षानळीतले! अमेरिकेच्या कृषी खात्याने ओआरएसीचा, म्हणजे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा, तक्ता 2012 मध्ये काढून टाकला, कारण कंपन्या तो जाहिरातीत मिरवत होत्या आणि शरीरात तसा फायदा होतो याला आधार नव्हता.

त्र्यंबककर
झाड ओळखूनच वापरावं, हे कोण नाकारतंय? पण तुम्ही पदार्थच मोडीत काढताय. 1535-36 च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी कार्तिएची माणसं कॅनडात स्कर्व्हीने मरत होती. तिथल्या रहिवाशांनी एका सूचिपर्णी झाडाच्या साल-पानांचा काढा दिला आणि ती उठून उभी राहिली. लेनिनग्राडच्या वेढ्यात पाइनच्या पानांचा अर्क काढून लोकांना पाजला. फिनलंडमध्ये दुष्काळात पाइनची आतली साल पिठात मिसळून पाव केले. आमच्याकडे खोकल्याला आई तालीसादीचं चाटण द्यायची, त्यातलं तालीसपत्रही सूचिपर्णीचंच. उत्तराखंडात चिडाचं, म्हणजे तिथल्या पाइनचं, पिरूल दर उन्हाळ्यात पेटतं, त्यातून चार पैसे निघाले तर तुमचं काय जातं?

कॉलेजरोडकर
त्या लोकांपुढे दुसरं काही नव्हतं. नाशकात हातगाडीवर पेरू मिळतो, 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी. आणि पिरूल म्हणजे वाळून गळलेली पानं, त्यात ते कुठून उरणार?

निफाडचा बागायतदार
माझं वेगळंच दुखणं आहे. पाइनच्या सालीतली जी अँटिऑक्सिडंट द्रव्यं प्रोअँथोसायनिडिनं म्हणून कॅप्सूलमध्ये विकतात, तीच द्राक्षाच्या बीत आहेत. फ्रान्सचे संशोधक मास्केलिए यांनी दोन्हींतून ती काढून दाखवली. इथे वायनरीचा चोथा हंगामात ट्रॉल्या भरभरून खताला जातो. परदेशी झाडाची साल सोन्याच्या भावाने घ्यायची आणि आमची बी उकिरड्यावर?

इंदिरानगर
दादा, फवारणीचं काय? 2010 मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाच्या अवशेषांसाठी आपली द्राक्षं अडवली होती. तसल्याच द्राक्षांच्या चोथ्याचा अर्क मी मुलांना देऊ?

निफाडचा बागायतदार
ताई, हे वाक्य ऐकून कान किटले. तेव्हा ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. माझ्या भावाचा माल तिकडे अडकला, निर्यातदाराने हात वर केले, सोसायटीचं कर्ज त्याने जमीन विकून फेडलं. आता निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो. तुम्ही बाजारातून आणता त्या पालेभाजीचा रिपोर्ट कधी मागितलात?

इंदिरानगर
नाही मागितला. पण तुमचा रिपोर्ट निर्यातीच्या मालाचा. वाइनची द्राक्षं वेगळी, चोथ्याचा रिपोर्ट कुठे आहे?

पंचवटीतला वैद्य
तालीसादीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. तालीसपत्र म्हणजे ॲबीज या सूचिपर्णीची पानं, पण बाजारात त्या नावाखाली टॅक्सस, म्हणजे वर आलेला थुनेरच, सर्रास येतो. एक रुग्ण घरीच चूर्ण करायला पुडी घेऊन आले होते, मी ती ठेवून घेतली. शिवाय तालीसादीच्या ग्रंथातल्या कृतीत तालीसपत्र एक भाग आणि साखर बत्तीस भाग. पेलाभर काढ्याला हा दाखला चालत नाही.

त्र्यंबककर
वैद्यबुवा, प्रमाणाचं मान्य, नाइलाजाने. पण कॉलेजरोडकरांचं सगळं मान्य केलं असं कुणी समजू नये. किन्नौरचा चिलगोझाही सूचिपर्णीचंच बी आहे, तो हे चवीने खात असतील.

कॉलेजरोडकर
खातो. पण तिथे शंकू इतके ओरबाडतात की नवी रोपं उगवायला बी उरत नाही. साल-पानांची मागणी वाढली तर त्या झाडांचंही तेच होईल.

निफाडचा बागायतदार
झाडं राहू द्या उभी. चोथ्याचा नमुना मी आणून देतो, बीचे घटक आणि फवारणीचे अवशेष दोन्ही तपासा. खर्चात कोण सामील होतंय तेवढं लिहा.