क्वेरीचं फंक्शन केलं, आता सगळ्याच ग्राहकांची बिलं येतात (पोस्टग्रेस डेटाबेस)

प्रश्न:
एका ग्राहकाची दोन तारखांमधली बिलं काढणारी क्वेरी चार रिपोर्टांत चिकटवलेली होती. ती एकाच जागी राहावी म्हणून हे केलं:

क्रिएट फंक्शन ग्राहक_बिलं(ग्राहक_क्र इंटिजर, पासून डेट, पर्यंत डेट)
रिटर्न्स टेबल (बिल_क्र इंटिजर, रक्कम न्यूमेरिक)
लँग्वेज एसक्यूएल अ‍ॅज $$
सिलेक्ट बिल_क्र, रक्कम फ्रॉम बिलं
व्हेअर ग्राहक_क्र = ग्राहक_क्र
अँड वेळ बिटवीन पासून अँड पर्यंत $$;

ग्राहक ७ दिला काय नि ४२ दिला काय, निकाल तोच. शिवाय बाहेरून 'व्हेअर बिल_क्र = ९०१' लावलं तरी हळू.

उत्तर १:
एसक्यूएल भाषेतल्या फंक्शनमध्ये कॉलम आणि पॅरामीटरचं नाव एकच असलं की कॉलम जिंकतो. तुमची अट कॉलमची त्याच कॉलमशी तुलना करते. नल (रिकामी किंमत) सोडून प्रत्येक ओळ पास. एरर येत नाही हीच गोची. पीएल/पीजीएसक्यूएलने (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची दुसरी भाषा) निदान 'अँबिग्युअस' म्हणत अडवलं असतं. पॅरामीटरना पी_ लावा.

'वेळ' टाइमस्टँप असेल तर बिटवीनही काढा. 'पर्यंत'चा अर्थ तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र होतो, शेवटचा दिवस जवळजवळ सगळा गळतो. वेळ >= पी_पासून अँड वेळ < पी_पर्यंत + १ लिहा.

उत्तर २:
हळू का, तर काहीच सांगितलं नाही की फंक्शन व्होलाटाइल (दर वेळी वेगळा निकाल देऊ शकणारं) धरलं जातं, आणि असं फंक्शन प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) उलगडत नाही, म्हणजे आतली क्वेरी बाहेरच्या क्वेरीत मिसळत नाही. आधी आतल्या सगळ्या ओळी निघतात, मग बाहेरची अट लागते. अंदाजही सरसकट १००० ओळींचा. 'लँग्वेज एसक्यूएल'पुढे 'स्टेबल' (एका क्वेरीपुरता त्याच इनपुटला तोच निकाल) लिहा. स्ट्रिक्ट (नल इनपुटला फंक्शन न चालवणं) किंवा सिक्युरिटी डिफायनर (फंक्शन मालकाच्या हक्कांनी चालवणं) लावू नका, त्यानेही उलगडणं बंद होतं. एक्सप्लेनमध्ये (क्वेरीचा प्लॅन दाखवणारी कमांड) 'फंक्शन स्कॅन' जाऊन 'बिलं' टेबलचा स्कॅन दिसला की जमलं.

प्रश्नकर्ता:
पॅरामीटरची नावं बदलून क्रिएट ऑर रिप्लेस केलं तर 'कॅनॉट चेंज नेम ऑफ इनपुट पॅरामीटर' येतंय.

उत्तर १:
येणारच. पॅरामीटरचं नाव किंवा परतीचे कॉलम बदलायचे तर आधी ड्रॉप फंक्शन ग्राहक_बिलं(इंटिजर, डेट, डेट). पॅरामीटरचा टाइप बदलला तर मात्र एरर न येता त्याच नावाचं दुसरं फंक्शन तयार होतं आणि जुनंही तसंच राहतं. ड्रॉप आणि क्रिएट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, वेगळे ग्रँट (वापरायचे हक्क) दिले असतील तर पुन्हा द्या. एखादा व्ह्यू (साठवलेली क्वेरी) त्या फंक्शनवर उभा असेल तर ड्रॉप अडेल. तिथे घाईत कॅस्केड मारू नका, व्ह्यूही जाईल.