जेलीफिनच्या मशीनमध्ये ८ टीबीची नवीन डिस्क आलीय, सगळं मिळून एकच व्हॉल्यूम करू का?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि घरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं जेलीफिन चालतंय. ओएस छोट्या एसएसडीवर आणि डेटा दोन हार्ड डिस्कवर, एक २ टीबीची जी काठोकाठ भरलीय आणि दुसरी ४ टीबीची जिच्यात जेमतेम ३०० जीबी उरलेत, म्हणून आता ८ टीबीची घेतलीय. प्रॉब्लेम असा की सिनेमे दोन्ही डिस्कवर विखुरलेत, टीव्हीवर ‘सिनेमे’ आणि ‘सिनेमे २’ अशा दोन लायब्ररी दिसतात आणि आईला कुठलं कशात आहे ते सापडतच नाही. मित्र म्हणतो एलव्हीएम (लिनक्समधलं डिस्क जोडायचं साधन) कर, तिन्ही मिळून १४ टीबीचं एक व्हॉल्यूम होईल आणि विषय संपेल. करू का? डेटात सिनेमे, नाटकं, मालिका आहेतच, पण लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेटवरून करून घेतलेल्या फाइली, आजोबांची कीर्तनं, फोनमधले फोटो असं साधारण ७०० जीबी घरचंही आहे. आणखी डिस्क घ्यायचं बजेट सध्या नाही.

टर्मिनलवाला:
एलव्हीएमने तिन्ही डिस्क जोडू नका, अगदी मनापासून सांगतोय. साध्या लिनिअर एलव्हीएममध्ये, म्हणजे डिस्क एकामागे एक जोडल्या की, एकच फाइलसिस्टिम (फाइली डिस्कवर मांडायची व्यवस्था) तिन्ही डिस्कवर पसरते, त्यातली कुठलीही एक गेली, आणि तुमची २ टीबीची जुनी म्हणजे तीच आधी जायची शक्यता जास्त, की उरलेल्या दोन ठणठणीत असूनही फाइलसिस्टिम माउंट होत नाही, म्हणजे उघडतच नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही फाइली निघतील, बऱ्याच निघणार नाहीत. शिवाय डिस्क एलव्हीएमला द्यायची तर ती आधी रिकामी करावी लागते. आणि पुढे जुनी डिस्क बाहेर काढायची म्हटली तर फाइलसिस्टिम आधी लहान करावी लागते, ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम अनमाउंट करून लहान करता येते, एक्सएफएस ही दुसरी तर लहान होतच नाही.

तुमचा खरा त्रास दोन लायब्ररींचा आहे ना, त्याला व्हॉल्यूम एक करायची गरजच नाही. जेलीफिनमध्ये एका लायब्ररीला कितीही फोल्डर जोडता येतात. ‘सिनेमे’ लायब्ररीत तिन्ही डिस्कवरचे सिनेमांचे फोल्डर जोडा, ‘सिनेमे २’ काढून टाका, आईंना एकच यादी दिसेल. आज रात्रीच होईल.

वायरवाली:
लायब्ररीचं बरोबर आहे पण नवीन फाइल टाकताना कुठल्या डिस्कवर जागा आहे ते दरवेळी बघत बसावं लागतं, त्यासाठी मर्जरएफएस लावा. प्रत्येक डिस्कवर आपापली ईएक्सटी४ तशीच राहते, वरून फक्त एक फोल्डर दिसतो ज्यात सगळ्यांचं एकत्र दिसतं. एक डिस्क मेली तर तिच्यावरच्याच फाइली जातात, बाकीच्या डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या तरी वाचता येतात. पॉलिसी, म्हणजे नवीन फाइल कुठल्या डिस्कवर टाकायची तो नियम, मात्र बघून निवडा. ‘ईपी’ने सुरू होणारी असेल तर तो फोल्डर ज्या डिस्कवर आधीपासून आहे तिथेच लिहीत राहते, नवीन डिस्क रिकामी आणि तरी जागा नाही म्हणून एरर येते. ‘एमएफएस’ ठेवा, म्हणजे सगळ्यात जास्त मोकळी जागा असेल तिथे जातं. सोबत स्नॅपरेड लावलंत तर एक डिस्क गेली तरी परत उभी करता येईल.

टर्मिनलवाला:
मर्जरएफएस एकदम मान्य. स्नॅपरेडला मात्र इथे अडचण आहे ताई. पॅरिटीची, म्हणजे गेलेली डिस्क परत उभी करायची माहिती ठेवणारी, डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा मोठी लागते, म्हणजे ही नवीन ८ टीबीच पॅरिटीत जाईल आणि डेटाला पुन्हा तेच ६ टीबी. पैसे घालून जागा शून्याने वाढली.

मी काय करीन ते सांगतो. सिनेमे परत मिळतात, आजोबांची कीर्तनं मिळत नाहीत, तेव्हा दोघांना एकाच मापाने सांभाळायची गरज नाही. २ टीबीवरचं सगळं ८ टीबीवर कॉपी करा, मग आरसिंक (कॉपीची कमांड) चेकसम लावून ड्राय रनमध्ये, म्हणजे काही न लिहिता फक्त फाइली ताडून बघायला, पुन्हा चालवा, फरक शून्य आला की मगच जुनी पुसा. ८ आणि ४ चा मर्जरएफएस पूल, म्हणजे तो एकत्र फोल्डर, करा. २ टीबी पूलमधून बाहेर, तिच्यावर फक्त ते ७०० जीबी घरचं. दर महिन्याला जोडायची, कॉपी करायची आणि काढून बहिणीकडे, काकांकडे, दुसऱ्या कुठल्याही घरी ठेवायची. जुनी आहे म्हणून आधी स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लाँग टेस्ट करा, खराब सेक्टर दिसले तर त्या कामाला वापरू नका.

न्यूजर्सीकर:
माझ्याकडे सिनॉलॉजी (घरचा तयार डिस्क सर्व्हर) आहे, हिशोब तिथेही तोच येतो. एसएचआरमध्ये, म्हणजे त्यांच्या रेडच्या प्रकारात, एका डिस्कचं संरक्षण घेतलं की बेरजेतून सगळ्यात मोठी डिस्क वजा होते, २+४+८ चे ६ टीबीच मिळतात. आणि रेड (डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क जोडायची पद्धत) असलं तरी ते बॅकअप नव्हे, मुलाने चुकून फोल्डर डिलीट केला की तो सगळीकडून डिलीट होतो. इथे कोणी सिनॉलॉजीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी, फोटोंचं वेगळं व्हॉल्यूम आणि सिनेमांचं वेगळं असं वाटून ठेवू नका. व्हॉल्यूम वाढवता येतं, कमी करता येत नाही, एक भरतं आणि शेजारी दुसरं रिकामं पडून राहतं. बीटीआरएफएस फाइलसिस्टिमचं एकच व्हॉल्यूम करा, आत शेअर्ड फोल्डर वेगळे आणि हवा तर प्रत्येकाला कोटा.

सातपूरकर:
सगळ्यांचे आभार, लायब्ररी लगेच एक केली, आई खूश. दोन शंका. नवीन डिस्क फॉरमॅट केली तर ७.३ पेक्षाही कमीच मोकळं दिसतंय, डिस्कमध्ये काही दोष आहे का? आणि ४ टीबीवाली यूएसबी केसमध्ये आहे, लाइट जाऊन आली की कधी कधी ती उशिरा सुरू होते, मशीन तिच्याशिवायच बूट होतं आणि मग एसएसडीच भरून जाते, हे का?

वायरवाली:
डिस्क ठीक आहे. कंपनी १००० च्या पटीत मोजते, लिनक्स १०२४ च्या, म्हणून ८ चे ७.२७ दिसतात. त्यातले ५ टक्के ईएक्सटी४ रूटसाठी (ॲडमिनसाठी) राखून ठेवते म्हणजे जवळपास ४०० जीबी, डेटा डिस्कवर ते लागत नाही, ट्यून२एफएस कमांडने शून्य करून टाका. एसएसडीवर मात्र राहू द्या.

टर्मिनलवाला:
यूएसबीचं असं होतं की डिस्क माउंट झाली नाही तरी माउंटचा रिकामा फोल्डर एसएसडीवर असतोच, डाउनलोड वगैरे निमूटपणे त्यातच लिहिले जातात. एफएसटॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे लावायची त्या फाइलीत) एसडीबी, एसडीसी अशी नावं असतील तर ती आधी काढा, बूटला बदलतात, यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाका आणि सोबत नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही. मग सगळ्या डिस्क अनमाउंट करून त्या रिकाम्या फोल्डरांना ‘चॅटर प्लस आय’ ही कमांड लावा, म्हणजे डिस्क नसताना तिथे कोणालाच काही लिहिता येणार नाही, माउंट मात्र नेहमीसारखं होतं. पण त्याआधी आत्ता त्या फोल्डरात काय काय साचलंय ते बघून पूलमध्ये हलवा, नाहीतर माउंट झाल्यावर ते दिसेनासं होईल आणि एसएसडीची जागा अडवून बसेल. जमलं तर ती डिस्क केसमधून काढून आत साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या पोर्टला) लावा, पोर्ट मोकळा असेलच.

सातपूरकर:
पोर्ट एक मोकळा आहे, पॉवरची वायर मात्र आणावी लागेल. त्या फोल्डरात खरंच १८० जीबी सापडले, हलवायला लावलेत.