एम ३३ मधील गुलाबी ठिपके आणि हायड्रोजनचा नकाशा जुळत का नाहीत?

त्रिकोणयात्री:

नमस्कार. कार्तिक अमावास्येला गावाबाहेरच्या माळावरून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीने त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही सर्पिल दीर्घिका पाहिली. दीर्घिका काचेवर धरलेल्या वाफेइतकी पुसट होती. पण तिच्या ईशान्येकडच्या कडेला, एका अंधुक ताऱ्याशेजारी, एक लहानसा ठिपका मात्र नक्की दिसत होता. घरी येऊन नकाशाशी पडताळले तेव्हा कळले की तो एनजीसी ६०४ हा तेजोमेघ आहे. सत्तावीस लाख प्रकाशवर्षांवरच्या दुसऱ्या दीर्घिकेतला एक तेजोमेघ आपण वेगळा ओळखला, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

आता प्रश्न. छायाचित्रांत असे गुलाबी ठिपके बाहूंवर जागोजागी दिसतात आणि ते ‘हायड्रोजनचे ढग’ असल्याचे लिहिलेले असते. मात्र २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ नकाशात याच दीर्घिकेचा हायड्रोजन दृश्य तबकडीच्याही बाहेर पसरलेला आहे, आणि बाहेरच्या त्या भागात गुलाबी ठिपके जवळजवळ नाहीतच. एकाच वायूचे दोन नकाशे इतके वेगळे का?

वर्णपट:

‘हायड्रोजनचे ढग’ हे वर्णन अपुरे आहे आणि गोंधळ तिथेच होतो. दीर्घिकेतला हायड्रोजन तीन अवस्थांत असतो. सुटे, उदासीन अणू २१ सेंटिमीटरवर रेडिओ लहरी सोडतात; नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना हा संकेत टिपू शकतात. दाट आणि अतिथंड ढगांत हेच अणू जोडीने रेणू बनतात. असा थंड रेणू जवळजवळ प्रकाशतच नाही, म्हणून त्याच्यासोबत असलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या लहरींवरून त्याचा माग काढावा लागतो. तारे जन्मतात ते या रेणूंच्या ढगांत. तिसरी अवस्था म्हणजे आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, आणि आपला गुलाबी ठिपका तो हाच.

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा असलेले अतिनील किरण पुरेशा संख्येने सोडतात ते फक्त अत्यंत तप्त आणि वजनदार तारे. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला मिळतो आणि पायरीपायरीने खाली उतरतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे छायाचित्रातला गुलाबी रंग वायू किती आहे हे सांगत नाही, त्या वायूत वजनदार तारे नुकतेच जन्मले आहेत हे सांगतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ सुमारे २४ प्रकाशवर्षे रुंद आहे आणि त्याला उजळण्याचे बहुतांश काम एकच तारा करतो. एनजीसी ६०४ सुमारे १५०० प्रकाशवर्षे रुंद असून त्याच्या पोटात असे सुमारे दोनशे तारे आहेत. तो मृगातल्या तेजोमेघाच्या अंतरावर असता, तर आकाशात साठेक अंश पसरलेला दिसला असता.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की, हे तारे ज्या ढगातून जन्मले त्याच ढगाला ते उधळून लावतात. थंड ढग शून्याखाली अडीचशे अंश सेल्सिअसपेक्षाही गार असतो, तर आयनीभूत वायू दहा हजार अंशांच्या घरात तापतो. त्याचा दाब वाढून तो फुगत जातो आणि भोवतालचा थंड वायू दूर ढकलतो. एनजीसी ३०० या जवळच्या सर्पिल दीर्घिकेचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा होता. त्यानुसार तिथला ढग साधारण एक कोटी वर्षे टिकतो, वजनदार तारे उजळल्यावर पंधराएक लाख वर्षांत विखुरतो, आणि तोवर त्याच्या वस्तुमानापैकी दोन-तीन टक्क्यांचेच तारे झालेले असतात. त्यामुळे बारकाईने पाहिल्यास रेणूंच्या ढगांची शिखरे आणि गुलाबी ठिपके बऱ्याचदा शेजारी-शेजारी सापडतात, एकावर एक नव्हे.

अंधारयात्रा:

एक निरीक्षण जोडतो. मीही एनजीसी ६०४ आठ इंचीतूनच पाहिला आहे. भिंगाला ऑक्सिजन-३ फिल्टर (ऑक्सिजनच्या हिरव्या प्रकाशाच्या आसपासचाच उजेड आत सोडणारी काच) लावल्याबरोबर दीर्घिकेचा धूसर उजेड बराच मावळला, ठिपका मात्र टिकून राहिला. तारे सर्व रंगांत प्रकाशतात, म्हणून फिल्टर त्यांचा बहुतेक प्रकाश अडवतो; तेजोमेघाचा प्रकाश मोजक्या रेषांत, म्हणजे ठरावीक तरंगलांबींत, एकवटलेला असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ६५६ नॅनोमीटरचा तांबडा जवळजवळ दिसतच नाही, पण ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा दिसते, तीही रंग न कळता. म्हणून फोटोतला गुलाबी ठिपका आपल्याला राखाडी भासतो.

त्रिकोणयात्री:

दोघांचे आभार. म्हणजे मी त्या रात्री प्रत्यक्षात ऑक्सिजनचा प्रकाश पाहत होतो! मग ज्या ठिपक्यात ही हिरवी रेषा जास्त ठळक, तिथे ऑक्सिजनही जास्त, असे म्हणता येईल का?

वर्णपट:

इथेच फसगत होते. बऱ्याचदा नेमके उलटे असते. ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये वायूची उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. ती कमी असतील तर वायू अधिक तप्त राहतो आणि हिरवी रेषा हायड्रोजनच्या रेषांच्या मानाने उठून दिसते. खगोलशास्त्रज्ञ लिओनार्ड सर्ल यांनी १९७१ साली सर्पिल दीर्घिकांतले असे तेजोमेघ केंद्रापासून कडेपर्यंत तपासले आणि रेषांच्या या गुणोत्तरात सलग बदल असल्याचे दाखवले: केंद्राजवळ ऑक्सिजन जास्त, कडेला कमी.

आणखी एक पुरवणी. तांबडा प्रकाश फक्त ठिपक्यांतूनच येतो असेही नाही. जवळच्या सर्पिल दीर्घिकांत त्याचा मोठा वाटा, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, ठिपक्यांमधल्या विरळ वायूतून येतो. ठिपक्यांतून निसटलेले अतिनील किरण हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

चैत्र-वैशाखात सप्तर्षींतील एम १०१ ही सर्पिल दीर्घिका वर आली की तिच्या बाहेरच्या कडेचा एनजीसी ५४७१ हा तेजोमेघ शोधून पाहा. आठ इंचीत तो जवळजवळ ताऱ्यासारखाच दिसेल. तोच फिल्टर आधी त्याच्यावर आणि मग केंद्राला अधिक जवळ असलेल्या एनजीसी ५४६१ वर लावा, आणि दोघांत काय फरक दिसला ते इथे कळवा.