चर्चा : सेमी शिल्टची चार विजेतेपदे उंचीची की कौशल्याची? (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

पल्ल्याबाहेरचा

हेवीवेट किकबॉक्सिंगमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, असा विषय निघाला की अर्नेस्टो होस्ट, पीटर आर्ट्स आणि अलीकडे रिको व्हेरहूवेन ही नावे चटकन पुढे येतात. सेमी शिल्टचे नाव निघाले, तर मात्र "पण तो २१२ सेंटीमीटर उंच होता" ही पुस्ती जोडल्याशिवाय बोलणाऱ्याला चैन पडत नाही. ही पुस्ती त्याच्या कारकिर्दीवर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉटरडॅमच्या या खेळाडूने २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे के-वन या जपानी किकबॉक्सिंग संघटनेची वर्ल्ड ग्रां प्री स्पर्धा जिंकली. सलग तीनदा हा पराक्रम त्याच्याआधी कोणालाही साधला नव्हता. २००९ मध्ये चौथ्यांदा जिंकून त्याने होस्टच्या चार विजेतेपदांशी बरोबरी केली. त्या स्पर्धेची अंतिम रात्र म्हणजे आठ खेळाडू आणि विजेत्याला एकाच रात्री तीन लढती. पहिल्या लढतीत सुजलेली नडगी घेऊनच तिसऱ्या लढतीला उभे राहायचे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

केवळ उंचीने विजेतेपदे मिळत असती, तर २१८ सेंटीमीटरचा चोई होंग-मान आणि २११ सेंटीमीटरचा यान नोर्टिए हे दोघेही विजेते झाले असते. शिल्टकडे त्या दोघांकडे नसलेली गोष्ट होती, ती म्हणजे अंतरावरची हुकमत. आशिहारा कराटेच्या मुशीत घडलेला हा माणूस डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, नुसता मारत नसे, तो प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर धरून ठेवी. त्या हाताखालून कोणी आत शिरू लागला, की पुढच्या पायाची सरळ लाथ पोटात बसे, आणि त्यातूनही जो आत पोहोचे त्याच्या स्वागताला गुडघा तयार असे. एकामागे एक रचलेले हे तीन अडथळे वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेले आहेत.

सव्यसाची

आपण मांडलेली तीन अडथळ्यांची रचना मला मान्य आहे, मात्र त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. तोच जॅब, तीच लाथ आणि तोच गुडघा १९० सेंटीमीटरच्या माणसाला दिला, तर समोरचा दुसऱ्या अडथळ्यापाशी अडखळण्याऐवजी सरळ आत येऊन हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, मारून जाईल. शिल्टचे कौशल्य खरे होते, पण ते त्याच्या शरीरापासून वेगळे काढून दाखवता येत नाही.

दुसरे असे, की ग्रां प्रीला वजनाची वरची मर्यादा नव्हती. अँडी हुग जेमतेम १८० सेंटीमीटरचा असूनही १९९६ मध्ये त्या खुल्या मैदानात विजेता ठरला, म्हणून त्याचे मोल निराळे. खुद्द आयोजकांनीच २००७ मध्ये शंभर किलोंच्या वरच्यांसाठी सुपर हेवीवेट असा वेगळा किताब सुरू केला आणि तो पहिल्यांदा पटकावला शिल्टने, रे सेफोला पहिल्याच फेरीत बाद करून. गट वेगळा केला, याचा अर्थ फरक जाणवत होता. ग्रां प्रीत मात्र पूर्वीचीच पद्धत चालू राहिली आणि शिल्ट आपल्याहून बऱ्याच हलक्या माणसांशी लढत राहिला.

तिसरी गोष्ट २००७ च्या अंतिम लढतीची. आर्ट्सचा गुडघा पहिल्याच फेरीत दुखावला आणि लढत तिथेच थांबली. नोंदवहीत तो तांत्रिक नॉकआऊट, म्हणजे लढत थांबवून दिलेला विजय आहे, हे खरे. पण विक्रमाचे ढोल वाजवताना ती मिनिट-दोन मिनिटांची लढत एकदा पुन्हा पाहावी, अशी विनंती आहे.

कोपऱ्यातला टॉवेल

उंची, वजन, नियम हे सारे बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारतो : शिल्टची लढत आपणांपैकी किती जण हौसेने पुन्हा लावून बघतात? होस्ट डावा हुक मारून त्याच दमात मांडीवर लो-किक लगावायचा, तो क्रम पाहताना आजही भान हरपते. शिल्टच्या लढतीत पुढे काय होणार ते पहिल्या मिनिटातच कळून चुकायचे.

पल्ल्याबाहेरचा

कोपऱ्यातला टॉवेल यांचा आक्षेप रुचीचा आहे आणि रुचीवर वाद घालता येत नाही. तरीही २००९ ची अंतिम रात्र त्यांनी पाहिली असावी असे वाटत नाही. ले बॅनर, बोन्यास्की आणि बद्र हरी या तिघांनाही त्या रात्री शिल्टने पहिल्याच फेरीत संपवले. ज्याला ठरावीक आणि कंटाळवाणे म्हणायचे, त्याची ही रात्र!

सव्यसाची यांना सांगायचे ते असे, की दैव मोजायला बसायचे, तर सर्वांचेच मोजावे लागेल. होस्टचे २००२ चे विजेतेपद आठवून पाहावे. बॉब सॅपने त्याला उपांत्यपूर्व फेरीत हरवले होते. सॅपचा हात मोडल्यामुळे होस्ट परत आला आणि त्याच रात्री विजेता झाला. त्याबद्दल होस्टला कोणी उणे लेखत नाही, आणि लेखूही नये, कारण मिळालेल्या संधीवर पुढच्या दोन लढती त्याने स्वतःच जिंकल्या. मग आर्ट्सच्या गुडघ्याचे खापर एकट्या शिल्टवर का फोडायचे? त्याच रात्री आधी त्याने फेइटोसाला गुणांवर हरवले होते आणि ले बॅनरच्या कोपऱ्यातून शरणागतीचा टॉवेल आला होता, हेही मोजणीत धरावे.

तिसरी फेरी

आपण दोघेही के-वनच्या काळातून बाहेर यायला तयार नाही, असे दिसते. माझ्या मते श्रेष्ठत्वाची खरी कसोटी किताब राखण्यात आहे. व्हेरहूवेनने २०१४ मध्ये डॅनियल गिताला हरवून ग्लोरी या किकबॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट किताब घेतला आणि तो एका दशकाहून अधिक काळ हातचा जाऊ दिला नाही. एका रात्रीच्या स्पर्धेत सोडतीचा आणि दुखापतींचा हात असतो. पाच फेऱ्यांच्या किताबी लढतीत समोरचा तुमचा अभ्यास करून, ताजातवाना होऊन येतो. २०१९ मध्ये आर्नहेमला बद्र हरीने त्याला दोनदा खाली पाडले, तरी तो उठून उभा राहिला.

सव्यसाची

तिसरी फेरी यांनी निवडलेले उदाहरण त्यांच्याच अंगलट येणारे आहे. आर्नहेमची ती लढत हरीचा पाय दुखावल्याने संपली. त्याआधी २०१६ मध्ये ओबरहाउझेनला हरीचाच हात दुखावला होता. दोन्ही वेळा व्हेरहूवेन जिंकला, आणि दोन्ही वेळा प्रश्न अर्धवट राहिला. मी शिल्टच्या २००७ बद्दल जे म्हटले, तेच इथेही लागू करतो. एका माणसासाठी एक माप आणि दुसऱ्यासाठी दुसरे, असे मला करायचे नाही.

पल्ल्याबाहेरचा

शिवाय शिल्ट आणि व्हेरहूवेन समोरासमोर आलेही होते. ३१ डिसेंबर २०१२ रोजी साइतामा येथे ग्लोरीची सोळा जणांची स्पर्धा झाली. शिल्टने एका रात्रीत चार लढती जिंकल्या. उपांत्यपूर्व फेरीत व्हेरहूवेन, उपांत्य फेरीत गोखान साकी आणि अंतिम फेरीत गिता. त्या वेळी शिल्ट ३९ वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षी हृदयाच्या त्रासामुळे त्याला थांबावे लागले.

तिसरी फेरी

आणि व्हेरहूवेन २३ वर्षांचा होता, शिवाय त्या रात्री फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या होत्या, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

नडगी

इतका वेळ केवळ वाचत होतो. या वादात आर्ट्सला साक्षीदार म्हणून बोलवायला हवे. सप्टेंबर २००८ मध्ये सोल येथे त्याने शिल्टला हरवले आणि २०१० च्या ग्रां प्रीच्या उपांत्य फेरीत पुन्हा हरवले. वय तेव्हा चाळीस. दूर राहून शिल्टशी लढता येत नाही, हे ओळखून तो थेट छातीला छाती लावायला गेला, जॅब खात गेला, लाथ खात गेला आणि एकदा आत शिरल्यावर मागे हटायचे नावच घेईना. म्हणजे तोड होती आणि ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. उंचीला उत्तरच नव्हते, हा सव्यसाची यांच्या बाजूचा सूर म्हणूनच मला पटत नाही.

पण त्या उत्तराची किंमतही पाहा. २०१० मध्ये शिल्टला हरवून आर्ट्स अंतिम लढतीला उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगात काही उरलेच नव्हते. अलिस्टेर ओव्हरीमने साधारण मिनिटभरात त्याला संपवले.

सव्यसाची

नडगी यांचा मुद्दा मान्य. मात्र ती तोड वापरायला आर्ट्सच लागला. बाकीच्यांना ती दिसूनही जमली नाही, याचे श्रेय शिल्टच्या सरावाला किती आणि त्याच्या गुडघ्याच्या उंचीला किती द्यायचे, इथे पल्ल्याबाहेरचा यांचे आणि माझे मत अजूनही वेगळेच आहे.