सुटकेसमधून आलेल्या कांड्या मी चुलीत घातल्या. चूक केली का?

वर्धेकडचा कास्तकार
गावातला एक पोरगा व्हिएतनाम फिरून आला. येताना कपड्यांच्या घडीत ड्रॅगन फ्रूटच्या बारा कांड्या घेऊन आला आणि त्यातल्या तीन मला दिल्या. भिंगातून पाहिलं, तर काट्यांच्या बुडाशी पांढरे पुंजके, सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखे. एक काडीनं उचकटला तर आत पिठ्या ढेकूण सरकताना दिसले. तिन्ही कांड्या चुलीत गेल्या. पोराचा बाप तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

परदेशी कांडी, कलम, बी परवान्याशिवाय आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. २००३ च्या वनस्पती क्वारंटाईन आदेशाप्रमाणे लागवडीच्या मालाला आयात परवाना लागतो, शिवाय त्या देशाचं पीक-आरोग्य प्रमाणपत्रही. नियम उगाच नाही. आपली गुलाबी बोंडअळी कशी फिरली ते पाहा. भारतातून सरकीसोबत ती १९०६-०७ च्या सुमारास इजिप्तला गेली, तिथल्या बियाण्यातून १९११ मध्ये मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्सासात. अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्त पडून राहते, पोतं वरून स्वच्छच दिसतं. अमेरिकेनं तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं ते २०१८ मध्ये.

अचलपूरवाला
भाऊ, जाळल्या त जाळल्या, पण दोष आमच्यावरच काहून? अमेरिकन लष्करी अळी २०१८ ले कर्नाटकात दिसली अन् मंग आपल्या मक्यावर आली. ते काय कोणाच्या सुटकेसमधून आली? तिचा पतंग एका रातीत लय लांब उडते. टमाट्याची नागअळी २०१४ ले पुण्याकडं आली, तवा बंदरावर तपासणी नव्हती काय? लहान कास्तकाराले नवं वाण पाहिजे असलं त त्यानं परवान्यासाठी कोणाच्या दारात जावं, हे सांगा पयले.

संत्रा रोपवाटिका, शेंदूरजनाघाट
पतंग उडतो, मान्य. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंखच नसतात. खवले कीड एकदा सोंड रोवली की हलत नाही. असल्या किडी माणसाच्या हातानंच समुद्र ओलांडतात. उडणारी कीड अडवता येत नाही म्हणून न उडणारीलाही दार उघडं ठेवायचं? आम्ही कलमा विकतो, एक कीडकी कलम किती बागांत पोहोचते हे आम्हाला माहीत आहे.

कृषी पदवीधर, यवतमाळ
तरी मी अचलपूरवाल्यांच्या बाजूनं आहे. पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला सापडला. फवारण्या हरल्या. शेवटी २०१० मध्ये प्युर्टो रिकोतून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी माशीनं तो आवरला. दारावर पहारा ठेवण्यापेक्षा मित्रकीटकांवर खर्च करा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते मी विसरू शकत नाही.

वर्धेकडचा कास्तकार
ते आम्हीही विसरलो नाही, म्हणून तर लिहितोय. नवी कीड आली की पहिलं उत्तर फवाराच असतो. ती माशीसुद्धा क्वारंटाईनमध्ये वाढवून, तपासूनच सोडली होती. मधल्या दोन वर्षांत पपईवाल्यांचं जे गेलं ते कोणी भरून दिलं? अन् प्रत्येक किडीला अशी माशी मिळेलच असं नाही.

कापसाचंच घ्या. अमेरिकेतला बोंडाचा सोंडकिडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात शिरला आणि तिथल्या कापूसवाल्यांना त्यानं रडवलं. आपल्याकडे तो अजून नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं तेव्हा आपण भावासाठी भांडलो, ते बरोबरच होतं. पण बाहेरून येणाऱ्या कापसाच्या गाठींना कीड मारायची धुरी नीट दिली जाते का, हेही तेवढ्याच जोरानं विचारायला हवं होतं. परवाना सोपा व्हावा, यात माझं अचलपूरवाल्यांशी भांडण नाही.

अचलपूरवाला
सोंडकिड्याचं पटलं. परवान्याचं मी सोडत नाई. पण एक सांगा, बारातल्या तीन जाळल्या, मंग बाकीच्या नऊ कुठं हायत?

वर्धेकडचा कास्तकार
त्याच्या घरामागं लावल्यात. कुंपणापलीकडे लगेच पपईची बाग आहे. उद्या सकाळी भिंग घेऊन त्याच्या बापाकडे जातो, बोलो न बोलो.