दंडाची बेडकुळी कोपराकडे घसरली, ऑपरेशन लागेलच का?

दळणवाला: वय 54, पिठाची गिरणी. तीस वर्षं डबे हात वर करूनच ओततोय. वर्षभर उजव्या खांद्यात पुढून ठणका होता, त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. बायको तेल चोळायची. गेल्या मंगळवारी ज्वारीचा डबा वर नेताना ‘टक्’ आवाज आला आणि गंमत म्हणजे ठणकाच थांबला! दोन दिवसांत दंड काळानिळा. बेडकुळी काढली की गोळा कोपराजवळ जाऊन बसतो. नातू हसतो. हाडवैद्याकडे जाऊ का?

फिजिओताई: काका, हाडवैद्य नको आणि चोळणं आधी बंद करा. बेडकुळीच्या स्नायूला खांद्याकडे दोन दोऱ्या असतात. लांब दोरी दंडाच्या हाडातल्या खाचेतून थेट सांध्यात शिरते. हात वर करून काम केलं की ती त्या खाचेत घासते, सुजते, झिजते. तुमची बहुधा तीच तुटली. ताणली जाणारी दोरीच सुटली, म्हणून ठणका गेला. आखूड दोरी शाबूत असल्यामुळे हात चालतो. तुमच्या वयाला बरेचदा ऑपरेशनशिवाय भागतं. मला काळजी वेगळीच आहे: अशा खांद्यात रोटेटर कफही, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचं वेष्टण, फाटलेला सापडतो. हात बाजूने वर जातो का? अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतील. कोपराच्या पुढे दुखत असेल आणि गोळा वर सरकला असेल, तर कोपराकडची खालची दोरी तुटली समजा. तिथे मात्र दिवस घालवू नका.

सुतारपक्षी: माझी डावी 2019 मध्ये तुटली. ऑपरेशन नाही केलं. रंधा चालतो, वजन उचलतो; डाव्या हाताने स्क्रू पिळताना मात्र लवकर दमतो. माझ्या मेहुण्याने दोरी हाडाला बसवून घेतली, तो जिमवाला, त्याला दंड सरळ दिसायला हवा होता. कित्येक आठवडे हात झोळीत, जड उचलायला काही महिने बंदी. गिरणी तेवढे दिवस कोण चालवणार ते आधी ठरवा.

दळणवाला: दाखवून आलो. कफ थोडा फाटलाय, पण ऑपरेशन नको म्हणाले. सहा आठवडे रबराच्या पट्ट्यांचे व्यायाम, मग परत तपासणी. डबे सध्या पोरगा ओततो. गिरणीपुढे वीतभर उंच फळी ठोकून घेतली, म्हणजे पुढे हात डोक्यावर न्यायला नको. नातवाला आता डाव्या हाताची बेडकुळी दाखवतो.